मंग मारस कोन?

दोन बारक्या गोळ्या, १०-१० मिलिग्रॅमच्या, रक्ताच्या कॅन्सरवरच्या. एवढ्याशासाठी आम्ही नानांना ॲडमिट केलं होतं, हाताला सलाईन, दर काही तासांनी रक्त काढायला सिस्टर हजर, आणि नाना बेडवर मांडी घालून त्या गोळ्यांकडे असे बघत होते जसं ते कृषी केंद्रवाल्याने गळ्यात मारलेल्या नव्या औषधाच्या बाटलीकडे बघतात. आधी लेबल, मग माझ्याकडे, मग परत लेबल.

"हाई गोयी पेशीस्ले मारस का?" नानांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

मी अकरावी-बारावीला बायो शिकवते, त्यामुळे घरात आजारपण आलं की सगळ्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. मी लगेच म्हटलं, नाही नाना, गोळी मारत नाही.

"मंग मारस कोन?"

आता याचं उत्तर मला एका वाक्यात येत होतं पण नानांच्या कामाचं नव्हतं. आणि त्यांच्या कामाचं उत्तर शोधता शोधता मला कळलं की मलाच ते नीट माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं फळ्यावर नुसते बाण काढत होते. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं सांगते. नाना म्हणजे माझे वडील, अमळनेरच्या पलीकडे आमचं गाव, कापूस आणि थोडी ज्वारी. सात वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून साधी सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी, केली तर पांढऱ्या पेशी निघाल्या १ लाख १२ हजार. माणसाला असतात चार ते अकरा हजार. लॅबवाल्याला वाटलं मशीन बिघडलं, परत केलं, परत तेच. मग नाशिकला एका हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांकडे गेलो आणि नाव कळलं, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, सगळे सीएलएल म्हणतात. आणि डॉक्टर म्हणाले, सध्या काही करायचं नाही, तीन महिन्यांनी या.

तुम्ही विचार करा काय झालं असेल घरात. कॅन्सर म्हणतात आणि गोळी देत नाहीत? आत्या तर म्हणाली डॉक्टर बदला. नाना स्वतः म्हणाले, "कॅन्सर शे ना? मंग गोयी का बरं देत नही?" पण ते बरोबरच होतं. सीएलएलमध्ये नुसता आकडा मोठा असला म्हणून उपचार सुरू करत नाहीत, हिमोग्लोबिन पडायला लागलं, प्लेटलेट पडल्या, गाठी किंवा पानथरी वाढली, रात्री अंग घामाने भिजायला लागलं, वजन उतरलं, तर करतात. कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं काहीच लागत नाही. नानांची साडेतीन वर्षं अशीच गेली, मोतीबिंदूही निघाला, कापूसही.

आता या आजाराची एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली आणि तीच सगळ्याची चावी आहे. कॅन्सर म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की पेशी भराभर वाढतात. सीएलएलमध्ये मुख्य भानगड ती नाही. या पेशी मरायला तयार नसतात. जुन्या जात नाहीत आणि नव्या येतच राहतात, मग गर्दी होते. एखाद्या गावात जन्म नेहमीएवढेच पण मयतच होत नाही असं समजा.

आणि पेशींनी मरणं हे अगदी रोजचं काम आहे बरं का. आपल्या अंगात दररोज अब्जावधी पेशी स्वतःहून मरतात. आईच्या पोटात आपल्या हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पडद्यातल्या पेशी मरतात म्हणून. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जातं ते तसंच. एक बारका पारदर्शक जंत आहे, शास्त्रज्ञांचा लाडका, त्याच्या अंगात वाढताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर १३१ मरतात, दर जंतात त्याच १३१. त्या जंतावरच्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं, ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन. म्हणजे मरणाचा प्रोग्रॅम पेशीच्या आतच लिहिलेला असतो, बाहेरून कुणी यावं लागत नाही.

याला नाव दिलं १९७२ मध्ये, केर, वायली आणि करी या तिघांनी, ॲपॉप्टोसिस. ग्रीक शब्द आहे, झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं असा अर्थ. ॲबर्डीनच्या ग्रीकच्या एका प्राध्यापकाने सुचवला होता. आमच्या खळ्यातल्या निंबाची पानं फाल्गुनात गळतात तेव्हा कुणी झाडाला मारत नाही, देठाशी झाड स्वतःच जागा सोडवून घेतं. वर्गात मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं, मॅडम, परीक्षेला येतं का?

तर मरण्याची ही यंत्रणा नानांच्या त्या पेशींतही होती, शाबूत होती. फक्त अडवून ठेवलेली होती. अडवणाऱ्याचं नाव बीसीएल-टू.

या बीसीएल-टूची गोष्ट मला फार आवडते. १९८४-८५ च्या सुमारास त्सुजिमोटो आणि क्रोचे यांना ते एका लिम्फोमात (गाठींच्या कॅन्सरात) सापडलं, १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे (गुणसूत्रांचे) तुकडे एकमेकांत अडकले होते त्या जागी. नाव काय दिलं तर बी-सेल लिम्फोमा टू, बस, फाईलला नंबर देतात तसं. सगळ्यांना वाटलं हे पण इतर कॅन्सरच्या जीनसारखं पेशींना वाढायला लावत असणार. मग १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स आणि त्याच्या बरोबरच्यांनी काय केलं, ज्या पेशींना जगायला बाहेरून एक रसायन लागतंच लागतं अशा पेशींत हे बीसीएल-टू घातलं आणि ते रसायन बंद केलं. पेशी वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. तोपर्यंत कॅन्सर म्हणजे वाढ एवढंच डोक्यात होतं, मरण अडवूनही कॅन्सर होतो हे तिथे कळलं. त्यानंतर त्याच्यावरची गोळी मंजूर व्हायला २०१६ उजाडलं, म्हणजे २८ वर्षं. लोकांना वाटतं औषध एका रात्रीत येतं.

सीएलएलमध्ये बीसीएल-टू भरमसाट का असतं तर निम्म्याहून जास्त पेशंटच्या पेशींत १३ नंबरच्या क्रोमोसोमचा एक बारका तुकडा गायब असतो, आणि त्या तुकड्यावर बीसीएल-टूला आवर घालणारे दोन छोटे आरएनए असतात. आवर घालणारेच गेले, मग काय, रान मोकळं.

आता गोळी. नानांना समजावताना मी पहिल्यांदा कुलूप-किल्ली वगैरे सांगितलं, ते नाही पटलं. मग असं सांगितलं. पेशीच्या आत बिम नावाचं एक प्रोटीन असतं, त्याच्यासारखी अजून काही भावंडं आहेत. पेशीचं काही बिघडलं की हे बिम उठतं आणि मरणाचा निरोप घेऊन निघतं. बीसीएल-टूच्या अंगावर एक लांबट खाच असते, त्या खाचेत ते बिमला पकडून ठेवतं. बिम सुटलं नाही तर निरोप पोचत नाही. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी काय करते, तर त्याच खाचेत जाऊन बसते, अगदी बिमसारखी दिसते म्हणून. बीसीएल-टूचे हात तिच्यात गुंतले की बिम सुटलं.

नाना थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सालदारना हातमा दुसरं दावं दिधं, आन बैल सुटना." (सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, आणि सुटना म्हणजे सुटला.)

झालं! मी वीस वर्षांत इतकं नीट वर्गात सांगितलं नाही. बैल आधीच बिथरलेला आहे, सालदाराने दावं गच्च धरलंय, तुम्ही बैलाला हात लावत नाही, फक्त सालदाराच्या हातात दुसरं काहीतरी देता.

आणि बैल आधीच बिथरलेला आहे, ही गोष्ट खरंच महत्त्वाची आहे. बोस्टनच्या ॲन्थनी लेटाय यांनी यावर खूप काम केलंय. सीएलएलच्या पेशीत इतका घोटाळा झालेला असतो की मरणाचे निरोप सतत निघत असतात, आणि प्रत्येक निरोप्याला बीसीएल-टूने धरून ठेवलेलं असतं. ती पेशी मरणाच्या उंबऱ्यावर उभी असते. चांगल्या पेशींत एवढे बैल दावणीला नसतात, म्हणून तीच गोळी त्यांच्यापर्यंत गेली तरी बहुतेकांना फारसं काही होत नाही. म्हणून टार्गेटेड. अर्थात अगदी काहीच होत नाही असं नाही, चांगल्या पांढऱ्या पेशीही पडतात, नानांच्या पडल्या, मधे दोनदा इंजेक्शनं द्यावी लागली आणि गावात लग्नसराईत जायला बंदी, ते त्यांना कॅन्सरपेक्षा जास्त झोंबलं.

सुटलेला बैल जातो कुठे? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे पेशीच्या वीजघराकडे. बॅक्स आणि बॅक अशी दोन प्रोटीनं आहेत (नावं ठेवणाऱ्यांनी कंटाळाच केलाय), बिममुळे ती जागी होतात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. आतून सायटोक्रोम सी बाहेर सांडतं. आता हे सायटोक्रोम सी म्हणजे तेच जे आत असताना पेशीला ऊर्जा बनवून देतं, बारावीच्या पोरांना रेस्पिरेशनच्या धड्यात भेटतं ते. आत आहे तोपर्यंत त्याच्यावर पेशी जगते आणि बाहेर आलं की तोच मरणाचा सिग्नल. १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या लॅबमध्ये हे सापडलं तेव्हा बऱ्याच लोकांना पटलंच नव्हतं. पण आमच्याकडे कुणालाही पटेल, डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) येणाऱ्या ज्या वायरवर विहिरीची मोटर चालते तीच वायर तुटून बांधावर पडली तर काय होतं ते प्रत्येक गावाने बघितलंय.

सायटोक्रोम सी बाहेर आलं की ते दुसऱ्या एका प्रोटीनला चिकटून सात पाकळ्यांचं एक चाक बनतं, त्या चाकावर कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि कॅस्पेज-३ म्हणजे विळा. आतलं एकेक प्रोटीन कापत सुटतं. डीएनएचे तुकडे पडतात, पेशी आक्रसते, तिच्या अंगावर फोड आल्यासारखे फुगे येतात, मग ती छोट्या छोट्या पुड्यांत सुटी होते, आणि प्रत्येक पुडीच्या बाहेरच्या बाजूला 'मला खा' अशी खूण उमटते, शेजारची मॅक्रोफेज (सफाई करणारी पेशी) येऊन गिळून टाकते. बाहेर काही सांडत नाही, सूज नाही, आग नाही. मयत झालं हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

तर नाना, मारतं कोण याचं उत्तर हे, ती पेशीच स्वतःला मारते. गोळी फक्त अडवणाऱ्याला बाजूला करते.

आता मधला एक किस्सा राहिला, कारण नानांना ही गोळी पहिल्या फटक्यात नाही मिळाली. साडेतीन वर्षांनी गाठी वाढल्या, वजन उतरलं, तेव्हा उपचार ठरवायच्या आधी फिश नावाची टेस्ट केली. (एका लॅबने आमचं सॅम्पल गहाळ केलं, परत रक्त, परत दहा दिवस, नाव लिहीत नाही पण अजून राग आहे.) त्यात आलं सतरा पी डिलीशन. म्हणजे १७ नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा हात गायब. त्या हातावर पी५३ नावाचा जीन असतो. साध्या किमोचं काम कसं चालतं तर औषध डीएनएची मोडतोड करतं, पी५३ ती मोडतोड बघतं आणि बिमच्या भावंडांना उठवतं, की आता ही पेशी संपवा. म्हणजे किमो पण शेवटी पेशीलाच आत्महत्येला लावते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं! आणि पी५३ च नसेल तर तुम्ही कितीही मोडतोड करा, बघणारा पोलीस पाटीलच जागेवर नाही, वर्दी देणार कोण. म्हणून सतरा पीवाल्यांना जुनी किमो लागू पडत नाही, फक्त त्रास होतो. व्हेनेटोक्लॅक्स पी५३ च्या पुढच्या पायरीवर जाऊन काम करते, तिला वर्दीची गरजच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ती पहिल्यांदा मंजूर झाली ती याच सतरा पीवाल्या पेशंटसाठी.

पण नानांना आधी दिली इब्रुटिनिब. ती वेगळ्या जागी काम करते, पेशीला गाठीत बसून जे जगण्याचे निरोप मिळत असतात त्यातला बीटीके नावाचा दुवा ती बंद करते. आणि हिची गंमत म्हणजे, गंमत आता म्हणते, तेव्हा पोटात गोळा आला होता, पहिल्या महिन्यात नानांच्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. गळ्याच्या गाठी तर हाताला लागेनाशा झाल्या आणि रिपोर्टमध्ये आकडा दीड लाखावर. भाऊ म्हणाला औषध उलटं पडलं. तसं नव्हतं, पेशी गाठीतल्या उबेतून हुसकावल्या जाऊन रक्तात आल्या होत्या, आणि तिथे त्यांना पोसणारं कुणी नसतं, हळूहळू संपतात. डॉक्टरांनी हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर आमच्या घरातल्या चार रात्री वाचल्या असत्या. सव्वा वर्ष चांगलं चाललं, मग नानांच्या हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागले, त्या औषधाचा हा माहितीतला त्रास आहे, ते बंद करावं लागलं. बंद केल्यावर काही महिन्यांत गाठी परत. आणि मग ही व्हेनेटोक्लॅक्स, सोबत रिटुक्झिमॅब हे सलाईनमधून द्यायचं औषध.

आता ॲडमिट का केलं ते. मघाशी म्हटलं ना की मयत शेजाऱ्याला कळत नाही, ते एक-दोन मयतांचं. एका रात्रीत अख्ख्या तालुक्याएवढ्या पेशी मेल्या तर मॅक्रोफेजना उरकत नाही. पेशींच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात सांडतं, डीएनएचं यूरिक ॲसिड होतं, कॅल्शियम पडतं, किडनी चोंदते, हृदय बंद पडू शकतं. याला ट्युमर लायसिस म्हणतात. औषध फार चांगलं चाललं म्हणून माणूस जायचा, असा प्रकार. सुरुवातीच्या ट्रायलमध्ये असे मृत्यू झाले, तेव्हापासून डोस पायरी-पायरीने चढवतात, पहिल्या आठवड्यात २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. आधीपासून यूरिक ॲसिड कमी करायची गोळी, भरपूर पाणी, आणि डोस दिल्यावर सहा-आठ तासांनी आणि चोवीस तासांनी रक्त तपासायचंच.

आणि त्या दिवशी संध्याकाळी माझा आतेभाऊ चोपड्याहून आला, हातात केळीची अख्खी फणी. आमच्याकडे पेशंटला भेटायला रिकाम्या हाताने कुणी जात नाही आणि जळगाव जिल्ह्यात केळी सोडून काय नेणार. सिस्टर दारातच म्हणाली, केळी नाही! पोटॅशियम! तो बिचारा बघतच राहिला, जीआय टॅगवाली जळगावची केळी आणि हॉस्पिटलात बंदी. ती फणी मग वॉर्डबाहेरच्या नातेवाइकांत वाटली, मी दोन खाल्ली.

जेवणाची अजून एक भानगड, ही गोळी जेवणानंतरच घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर अंगी फार कमी लागते, जेवणानंतर तीन ते पाच पट जास्त. जेवणात थोडी चरबी असली तर अजून बरं. नानांनी यातून सोयीचा अर्थ काढला, शेवभाजीची तर्री डॉक्टरनेच सांगितली म्हणाले. आईने त्यांना कळण्याची भाकरी आणि तूप यावर आणून ठेवलं.

आठवड्याने रिपोर्ट आला, आकडा निम्म्याच्या खाली. "बठ्ठा मरी ग्यात का?" बठ्ठा, म्हणजे सगळे, नाही नाना, पण बरेच.

इथे आमच्या गल्लीतल्या एका काकांचा विषय काढावाच लागेल, त्यांना सीएमएल आहे, क्रॉनिक मायलॉइड, तो वेगळा. तिथे ९ आणि २२ नंबरचे क्रोमोसोम तुकडे अदलाबदल करतात, १९६० मध्ये फिलाडेल्फियाला नोवेल आणि हंगरफर्डला तो आखूड क्रोमोसोम दिसला होता आणि १९७३ मध्ये जॅनेट राउली या बाईंनी ती अदलाबदल आहे हे ओळखलं. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक प्रोटीन बनतं जे कायम चालूच, तुटलेल्या स्विचसारखं, आणि ते आतून सतत ओरडत राहतं की जगा, वाढा. त्या ओरडण्याने बिम दबलेलं राहतं. इमॅटिनिब ही गोळी त्या प्रोटीनच्या खिशात बसून स्विच बंद करते, ओरडणं थांबतं, बिम परत वर येतं, आणि पुढची कथा तीच, बॅक्स, भोकं, सायटोक्रोम, विळा. वेगळ्या रस्त्याने आले तरी शेवटचा फाटा एकच. म्हणूनच बिमचा जीन ज्यांच्यात जन्मतःच थोडा खोट असलेला असतो, पूर्व आशियात असे बरेच लोक आहेत, त्यांच्यात इमॅटिनिब कमी चालतं असं २०१२ मध्ये सिंगापूरच्या लोकांनी दाखवलं. स्विच बंद झाला पण बैलच लंगडा.

काकांची गोळी स्वस्तात मिळते ती सुप्रीम कोर्टामुळे. १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिसचा पेटंटचा अर्ज कोर्टाने फेटाळला, पेटंट कायद्याचं कलम ३(ड). कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर आणि आपल्या जेनेरिकला आठ-दहा हजार असे आकडे तेव्हा पेपरात येत होते. नानांच्या गोळीचं काय विचारू नका, नदीकडचा एक तुकडा भावाने गहाण टाकलाय, एवढंच.

आणि हो, प्रत्येक ल्युकेमियात मारायचंच असतं असंही नाही. एपीएल म्हणून एक प्रकार आहे, पूर्वी त्यात माणूस दिवसांत जायचा, रक्तस्रावाने. शांघायच्या वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला अ जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं आणि अडकलेल्या कोवळ्या पेशी मोठ्या झाल्या, आणि मोठी झालेली पांढरी पेशी आपोआप काही दिवसांत मरते. वयात आणलं की बाकीचं ती करते. त्याच्या जोडीला आर्सेनिक देतात, म्हणजे आपला सोमल. नानांना हे सांगितलं तर हसायलाच लागले, सोमल घालून माणूस मारतात हे त्यांना माहीत होतं, जगवतात हे नव्हतं. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये विक्रम मॅथ्यूज यांच्या टीमने नुसत्या आर्सेनिकवर एपीएलचे पेशंट बरे करून दाखवले आहेत, आपल्याकडच्या खर्चाचा विचार करून.

पण चमत्कार-चमत्कार म्हणून जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याचा मला वैताग येतो. एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या वयस्क पेशंटमध्ये हीच व्हेनेटोक्लॅक्स ॲझासिटिडीन या औषधाबरोबर दिली तर मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट जिथवर जगतात ते) ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेलं, २०२० ची मोठी ट्रायल. पाच महिने. ज्याच्या घरात आहे त्याला पाच महिने म्हणजे काय ते विचारा, पण त्याला 'कॅन्सर हरला' म्हणू नका. सीएलएलमध्ये चित्र बरंच बरं आहे, नानांना जी जोडी दिली तिच्यात दोन वर्षांनी शंभरातल्या ८५ जणांचा आजार पुढे सरकलेला नव्हता, जुन्या जोडीत ३६.

उरलेल्यांचं काय? हा प्रश्न मी नानांना विचारायचा की नाही या विचारात होते, त्यांनीच काढला, आणि कुठून काढला तर बोंडअळीवरून.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये मंजूर झाला, त्याची पुढची आवृत्ती बॉलगार्ड-२ आली २००६ मध्ये. पहिली काही वर्षं नाना फवारणी विसरले होते. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या पेशींवर ठरावीक जागी चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. अळी मेली. पण लाखो अळ्यांत एखादीची ती चिकटायची जागाच थोडी वाकडी असते, विष चिकटत नाही, ती जगते, तिचीच पिल्लं होतात. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमचं काय केलं ते सांगायला नको, बोंड फोडलं की आत किडा. व्हेनेटोक्लॅक्सचं हुबेहूब तेच. २०१९ मध्ये मेलबर्नच्याच लोकांनी दाखवलं की काही पेशंटमध्ये दीड ते साडेतीन वर्षांनी बीसीएल-टूच्या खाचेत एक अक्षर बदलतं, गोळी नीट बसत नाही, बिम मात्र बसतं. सालदार शहाणा झाला, दुसरं दावं घेत नाही. किंवा पेशी एमसीएल-वन नावाचा दुसरा सालदार ठेवते, त्याला ही गोळी ओळखतच नाही. काकांच्या सीएमएलमध्येही असंच एक कुप्रसिद्ध अक्षर आहे, टी३१५आय, त्यावर इमॅटिनिब चालत नाही, त्यासाठी पोनॅटिनिब आली, मग २०२१ मध्ये ॲसिमिनिब.

म्हणून नानांची गोळी जन्मभर नाही, दोन वर्षं आणि बंद. पेशी दहा हजारात एकाच्याही खाली गेल्या तर औषध थांबवलेलं बरं, कारण औषध सतत चालू राहिलं की उरलेल्यांतल्या वाकड्यांनाच रान मोकळं मिळतं. परत आजार आला तर तीच गोळी परत चालण्याची शक्यता राहते.

हे मी सांगत होते तेव्हा नाना मान हलवत होते. "फरदड ठेवू नई, तसं ना?"

मला इतका आनंद झाला काय सांगू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेचणी झाल्यावर कापूस उपटायचा सोडून पाणी देऊन अजून दोन महिने ठेवला की ती फरदड, आणि तिच्यावर बोंडअळीची पुढची पिढी आरामात पोसली जाते. कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं ठेवू नका. निवडीचा दाब, प्रतिकार, सगळं या माणसाला चौथी पास असून एका शब्दात कळलं, मी घरी येऊन नवऱ्याला, सासूबाईंना, स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं.

गोळीचा सोळावा महिना चालू आहे. पुढची तपासणी मार्चमध्ये. संक्रांतीला गावी गेले होते, नाना दारात बसून वेचलेल्या कापसाचे गाठोडे मोजत होते आणि मागे शेतात कापूस जसाच्या तसा हिरवागार उभा, नुकतंच पाणी दिलेलं. मी म्हटलं, नाना, ही फरदड कशी काय?

"भाव चांगला शे," नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे अजून पंधरा दिन."